टाचण पूर्ण, प्रयोग अपूर्ण

भंडारा जिल्ह्यातील एका छात्राध्यापकाचा विज्ञानाचा सराव पाठ आम्ही पाहिला. घटक होता कोरडा विद्युत घट, म्हणजे विजेरीत घालतो तो सेल. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, मूल्यमापन असे टाचण चोख होते. तक्ताही सुबक होता : जस्ताचे भांडे, मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड. आवाज, फलकलेखन आणि तक्ता यांना चांगले गुण मिळाले. मात्र संपूर्ण तासात एकाही मुलाच्या हाती सेल आला नाही.

एका मुलाने विचारले, "सर, मँगनीज म्हणजे काय?" उत्तर मिळाले, "ते एक रसायन आहे." याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते सेल बनवण्यासाठी वापरले जाते!

दोष छात्राध्यापकाचा नाही. तोही तक्त्यावरूनच शिकला. टाचणाच्या या पायऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या अनुयायांनी रूढ केल्या. मुलाला जे ठाऊक आहे त्याच्याशी नवे ज्ञान जोडणे, हा प्रस्तावनेचा मूळ हेतू. आपण रकाना ठेवला आणि हेतू विसरलो.

शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या प्रशिक्षणात मुलांचे प्रयोग आधी शिक्षक स्वतः करीत. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. तरी त्यातील ही एक गोष्ट आपल्या अध्यापक विद्यालयांना आजही उचलता येईल.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दीड व्होल्टचे तीन नवे सेल एकसरीत जोडून मल्टिमीटरने मोजावेत, सुमारे ४.५ व्होल्ट दिसतील. मग एक सेल उलटा घालावा. आता सुमारे १.५ च का? धन-ऋण संख्यांची बेरीज येथे डोळ्यांना दिसते. छोटा बल्ब जोडताच आकडा थोडा उतरतो, तो का? गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान एकाच बाकावर येतात.

पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात एक प्रश्न वाढवावा, अशी आमची सूचना आहे : "हा प्रयोग छात्राध्यापकाने स्वतः करून पाहिला आहे काय?" उत्तर 'नाही' असेल, तर पाठ पुढे ढकलावा. टाचण थांबले तरी चालेल. मुलाचा प्रश्न अनुत्तरित राहू नये.