चवदार तळ्यानंतरचे पाणी

१९२७ च्या महाडने आपल्या साहित्याला पाण्याची जी प्रतिमा दिली, ती नाकारलेल्या स्पर्शाची. शेणव्याच्या परिसरात ही प्रतिमा अपुरी पडते. येथे पाणी विटाळत नाही; ते उचलून नेले जाते. तानसा-भातसाचे पाणी मुंबई पिते आणि शहापूरच्या कातकरी-ठाकरांच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

तानसा अभयारण्यात २०१४ साली दुर्मीळ रानपिंगळा आढळला. पाखरासाठी पाडा हटवा म्हणणाऱ्यांनी आठवावे: मुरबाडच्या काळू धरणाचे वनपरवानगीविना चाललेले काम उच्च न्यायालयाने २०१२ साली थांबवले. मग जंगल मोडत होते कोण? पाखरू आणि पाडा एकाच बाजूचे आहेत.

पाण्याला शिवण्याच्या हक्काचे साहित्य आपण लिहिले. पाणी कोणाचे, हे विचारणारे साहित्य आपण कधी लिहिणार?