मोकळ्या तारेचं टोक

बेस गिटारचं कौतुक निघालं की लाकूड, पिकअप आणि वादकाची बोटं यांच्याबद्दल भरभरून बोललं जातं. फ्रेटबोर्ड संपतो आणि खुंट्यांचा भाग सुरू होतो, त्या सीमेवर बसवलेली हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी मात्र बोलण्यात क्वचितच येते. ही पट्टी म्हणजे नट. फेंडरच्या जॅझ बेसवर तो सुमारे ३८ मिलिमीटर लांब आणि जेमतेम सव्वातीन मिलिमीटर जाड असतो. त्याच्या अंगावर चार खाचा, आणि त्या खाचांतून खुंट्यांकडे जाणाऱ्या चार तारा. नट झिजला किंवा तडकला की जुना काढून नवा बसवतात. काम दिसायला किरकोळ आहे. पण नीट पाहिलं तर त्याचा सगळा रस हात आवरण्यात आहे, असं माझं मत आहे.

आधी या पट्टीचं महत्त्व काय ते पाहू. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा तारेची कंपणारी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर ठेवली. या लांबीचं एक टोक ब्रिजवर, म्हणजे खालच्या घोडीवर, आणि दुसरं नटवर. बोटाने तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबली की तो फ्रेटच तारेचं टोक होतो आणि नट खेळाबाहेर जातो. म्हणजे नटचा आवाज ऐकू येतो तो बहुतेक मोकळ्या तारेतच. पण बेसमध्ये मोकळी तार गौण नसते. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर, ४१.२ हर्ट्झचा ई, मोकळ्या तारेशिवाय दुसरीकडे कुठे मिळतच नाही.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन इथे आठवतो. तो मुळात उभ्या डबल बेसचा वादक. त्या वाद्यावरची मोकळ्या तारा वापरण्याची सवय त्याने १९६२ च्या प्रिसिजन बेसवरही सोडली नाही. उजव्या हाताची एकच तर्जनी चालवत तो एका स्वरावरून दुसऱ्याकडे जाताना मध्येच मोकळी तार छेडून जातो, आणि डावा हात तेवढ्या अवधीत पुढच्या जागी पोचतो. अशा वादनात मोकळा स्वर आणि दाबलेला स्वर एकाच घरातले वाटले पाहिजेत. मोकळी तार खरखरली किंवा जास्तच चकाकली, तर ओळ तिथे तुटते.

दुसरा दाखला बेसवादक जॅको पॅस्टोरियसचा. त्याच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममधली ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही रचना मुख्यतः हार्मोनिक्सवर उभी आहे. नैसर्गिक हार्मोनिकमध्ये बोट तारेला नुसतं टेकतं, दाबत नाही; तार नटपासून ब्रिजपर्यंत सबंध कंप पावते. त्यामुळे ज्या स्वरांना श्रोते जॅकोच्या बोटांची जादू म्हणतात, त्यांचं एक टोक या पट्टीवर टेकलेलं असतं. त्याच्या बेसवरचे फ्रेट काढलेले होते. फ्रेट नसलेल्या बेसमध्ये नटच्या खाचा आणखी खोल, तार जवळजवळ लाकडाला टेकेल इतक्या खाली नेतात.

आता कामाकडे वळू. तारा सैल केल्यावर पहिलं हत्यार हातात येतं ते म्हणजे धारदार सुरी. पुष्कळ वाद्यांवर लॅकरचा थर मानेवरून नटच्या कडांपर्यंत सलग गेलेला असतो. तसाच ठोका घातला तर नटबरोबर लॅकरचा टवका निघतो, कधी फ्रेटबोर्डची कडही. म्हणून कडेकडेने सुरीची रेघ मारून तो थर आधी तोडतात. फेंडरचा नट फ्रेटबोर्डात कोरलेल्या खोबणीत बसतो. त्याच्या दोन्ही अंगांना लाकूड असल्यामुळे तो बाजूने, आडवा सरकवून काढावा लागतो. गिब्सन पद्धतीचा नट फ्रेटबोर्डच्या टोकाला टेकलेला असतो, त्याला समोरून लाकडी ठोकळ्याआडून हलका ठोका चालतो. एवढं करूनही जुना नट हलत नसेल, तर बारीक करवतीने त्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने काप घेतात आणि पकडीने दोन्ही बाजू आत दाबून तुकडे उचलतात. नट जातो, खोबण शाबूत राहते. काय वाया जाऊ द्यायचं आणि काय जपायचं, याचा निवाडा इथे आधीच झालेला असतो.

खोबणीतला जुना गोंद खरवडून तळ स्वच्छ केला की नवी हाडाची पट्टी सपाट काचेवर अंथरलेल्या सँडपेपरवर घासत बेताची करतात. ती बोटांच्या दाबाने आत बसावी आणि बेस उलटा धरला तरी पडू नये, एवढीच घट्ट हवी. ठोकून बसवलेला नट खोबणीच्या भिंती फाकवतो.

यानंतर येते आखणी. ती मला या कामातली सर्वांत सुंदर जागा वाटते. एक पेन्सिल उभी चिरून अर्धी करतात आणि तिची सपाट बाजू फ्रेटच्या माथ्यांवर ठेवून नटवर रेघ ओढतात. ही रेघ म्हणजे फ्रेटच्या उंचीची पातळी. खाचेचा तळ या रेघेच्या किंचित वर थांबला पाहिजे, रेघेखाली गेला की नट वाया. ताराही सारख्या जाडीच्या नसतात. नेहमीच्या संचात ‘जी’ तार सुमारे १.१४ मिलिमीटरची, तर ‘ई’ तार २.६७ मिलिमीटरची. मध्यापासून मध्यापर्यंत सारखं अंतर ठेवलं तर जाड तारा एकमेकींना खेटल्यासारख्या होतात. म्हणून जाणकार कारागीर तारांच्या कडांमधली मोकळी जागा सारखी ठेवतो. मोजपट्टीला असमान दिसणारी ही मांडणी बोटांना समान लागते.

खाच कोरायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी, गोल कडेची कानस लागते. खाच अरुंद झाली तर तार चिमटली जाते आणि सुरात लावताना टक् करून उडी मारते, रुंद झाली तर आत हलत राहते. खाचेला खुंट्यांच्या दिशेने उतार हवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच नेमकी सुटते. तळ सपाट राहिला तर तार त्याला घासत सतारीसारखी झणझणते. तंबोऱ्याच्या घोडीवर हाच स्पर्श जवारी म्हणून कसोशीने साधतात. बेसवर मात्र तो दोष ठरतो. फेंडरचं डोकं मानेला समांतर असल्यामुळे तारेला मुळात उतार कमी मिळतो. त्यासाठी डी आणि जी तारांवर एक छोटी गोल दाबपट्टी असते, आणि बाकीच्या तारांचे वेढे खुंटीवर खालच्या बाजूला घेतात.

खोलीचा हिशेब सर्वांत नाजूक. खाच उथळ राहिली तर पहिल्या फ्रेटवर तार दाबायला जोर लागतो. शिवाय तिथे तार टोकाजवळच वाकत असल्याने ताण वाढतो आणि स्वर चढा लागतो. पहिला फ्रेट नटपासून फक्त ४८.५ मिलिमीटरवर आहे, त्यामुळे ही चूक तिथे सर्वांत जास्त बोचते. उलट खाच खोल गेली तर मोकळी तार फ्रेटवर आपटते. म्हणून कानशीचे दोन-चार हात, तार सुरात लावणं, पाहणं, सैल करणं, पुन्हा दोन हात, असा क्रम चालतो. कंटाळून ‘अजून एकदाच’ म्हटलं की काम हातचं गेलं. खोल गेलेली खाच हाडाची पूड आणि सुपर ग्लूने भरता येते, पण ती तात्पुरती डागडुजी आहे, तिला नवा नट म्हणू नये.

शेवटी गोंद. एखाद-दुसरा थेंब, तोही नट सरकू नये एवढ्यासाठीच. धरून ठेवण्याचं मुख्य काम तारांचा दाब करतो. हा नटही कधीतरी झिजणार आणि दुसरा कोणी तो काढणार, हे गृहीत धरूनच चांगला कारागीर गोंदाची बाटली बंद करतो. खोबण गोंदाने भरून टाकणारा माणूस पुढच्याच्या हातात करवत देतो.

हाड, पितळ की ग्राफाइट, यावर वादक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते नीट कोरलेला साधा प्लॅस्टिकचा नट वाईट कोरलेल्या हाडापेक्षा केव्हाही बरा. तुमच्याकडे बेस असेल तर एक करून पाहा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर नजर टाका. तिथे केसाएवढी फट दिसली, आणि मोकळी तार स्वच्छ वाजली, तर नटला हात लावू नका.