दोन पंचविसावी कलमं

रेवदंड्याहून खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. 1740 साली तो मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पण गावातले कॅथलिक इथंच राहिले. आजही ते घरात पोर्तुगीज मुळाची 'नौ लिंग' बोलतात. यावरून आपण लगेच स्वतःची पाठ थोपटतो, बघा, किती सहिष्णू होतो! मला ते खटकतं. राहू दिलं ही परवानगी झाली, आणि परवानगी देणाऱ्याला ती काढूनही घेता येते.

पोर्तुगालची पहिली राज्यघटना 1822 ची. तिचं कलम 25 असं, की राष्ट्राचा धर्म रोमन कॅथलिक. परकीयांना मात्र आपापली उपासना खासगीत करायची मुभा. 'परकीयांना' हा शब्द बघा. पोर्तुगीज माणूस दुसऱ्या धर्माचा असू शकतो, हे गृहीतच धरलेलं नाही. गोव्यातले हिंदू तर त्याच राजाची प्रजा, ते कुठे परकीय होते? त्यांचं काय, याला कलमात उत्तर नाही. 1826 च्या सनदेनं आणखी एक अट घातली, उपासनेच्या घराला बाहेरून देवळाचं रूप नको. (देव असावा, पण रस्त्यावरून दिसू नये!) चर्च आणि शासन वेगळं करणारा कायदा तिथं यायला 1911 उजाडलं.

आपलंही कलम 25 च आहे. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. पण आपल्याकडे शब्द 'सर्व व्यक्ती' असा आहे, आणि धर्म मानणं, आचरणं, त्याचा प्रसार करणं हा हक्क आहे. 'प्रसार'वर संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये वाद झाला. कन्हैयालाल मुन्शी तो शब्द ठेवावा या बाजूचे होते. तो राहिला.

मग 1977 चा स्टॅनिस्लॉस निकाल. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. वाक्य म्हणून ठीक. पण यात विचार झाला तो धर्मांतर करणाऱ्याचा. स्वतःहून धर्म बदलणारा माणूस बाजूलाच राहिला. ज्या कायद्यांना तिथं मान्यता मिळाली, त्यांतल्या मध्य प्रदेशच्या कायद्यात धर्मांतराची वर्दी जिल्हा दंडाधिकाऱ्याला द्यावी लागे. माझं मन बदललं, ते कचेरीत का कळवायचं? न्यायालयानं आधार घेतला सार्वजनिक सुव्यवस्थेचा. सुव्यवस्था हवीच हो, पण हक्काच्या दारात पुन्हा परवानगीवाला उभा राहिला, त्याचं काय? बोला, आता तुमचे प्रश्न घेऊ.