लुटीचा बेत आणि उत्स्फूर्तता : भूमिकाखेळ व तमाशातील गवळण

बीजशब्द : भूमिकाखेळ, गवळण, बतावणी, संहिता, उत्स्फूर्तता

प्रस्तावना :
टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, सूत्रचालक प्रसंग उभा करतो आणि फाशांच्या दानावर कृतीचे यशापयश ठरते. १९७४ मधील 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार रूढ झाला. त्यात तिजोरी लुटण्याचा प्रसंग आला की एक पेच निर्माण होतो. बारकाईने बेत आखण्यात खेळाचा वेळ संपतो आणि एका प्रतिकूल दानाने बेत कोसळतो. बेत न आखावा, तर पात्रे मुरब्बी चोर वाटत नाहीत. सांगली-सातारा परिसरातील रंगपरंपरेच्या आधारे या पेचाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७) या खेळात बेताचा प्रकार व एखादा तपशील ठरवून थेट लुटीला प्रारंभ होतो. अडचण आल्यावर खेळाडू मागे वळून 'ही तजवीज आधीच केली होती' असे दाखवू शकतो. मात्र तजवीज जितकी अवघड, तितका ताण त्याच्या पात्राला सोसावा लागतो. येथे बेत आधी नव्हे, तर प्रसंगातच घडतो.

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यात पदे रचलेली होती, ती सूत्रधार गाई. गद्य भाषण मात्र नट प्रसंगानुरूप करीत. तमाशातील गवळण तर लुटीचाच खेळ होय. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवितात, दाण मागतात. मावशी हुज्जत घालते. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांसारख्या शाहिरांनी गवळणीची पदे रचली. हुज्जतीचे संवाद फडाने रंगवावयाचे. लुटीचा बेत प्रेक्षकांनाही ठाऊक असल्याने तो आखण्यात वेळ जात नाही. सारी चतुराई बोलण्यात उतरते.

तथापि, दोहोंत मूलभूत भेद आहे. भूमिकाखेळात लूट फसू शकते. गवळणीत शेवट ठरलेला असतो. तेथे जोखीम पात्राची नसून नटाची असते. उत्तर वेळेवर सुचले नाही, तर फासा नव्हे, समोरचा प्रेक्षक निकाल देतो.

निष्कर्ष :
बेत आणि उत्स्फूर्तता यांना परस्परविरोधी मानणे सयुक्तिक नाही. काय ठरवावयाचे आणि काय मोकळे सोडावयाचे, हाच खरा प्रश्न आहे. छापील संग्रहात गवळणीचे पद उरते, हुज्जत उरत नाही. केवळ त्या पदावरून वर्गात गवळणीचे मूल्यमापन होते, तेव्हा बेत वाचला जातो. लूट मात्र वाचकाच्या हाती लागत नाही. म्हणून लोकनाट्याच्या अध्यापनात संहितेबरोबर प्रयोगाचाही समावेश होणे अगत्याचे आहे.