ताण, पण कसला? सेल्ये यांचं एक पानी पत्र वाचताना

इंदापूर तालुक्यात डाळिंबाची बाग असणाऱ्या कुणालाही विचारा, "बाग ताणावर सोडलीय" म्हणजे काय. उत्तर पक्कं येईल: बहार धरायला पाणी तोडलंय. किती दिवस तोडायचं ते जमिनीवर ठरतं, हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत जास्त. पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला तर २००९ पासून अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे. तिथेही नुसता 'ताण' चालत नाही. पाण्याचा, उष्णतेचा, क्षारांचा, असं सांगावं लागतं.

माणसाबद्दल मात्र आपण एवढे काटेकोर नसतो. पेटच्या अभ्यासात चक्कर आली, पोट बिघडलं की "टेन्शन घेतलंस" म्हणून विषय संपतो. हा ढिलेपणा जिथून आला असं मला वाटतं, ते पत्र आज वाचू.

४ जुलै १९३६ च्या 'नेचर'मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या हान्स सेल्ये यांचं हे पत्र छापलं गेलं. जेमतेम एक पान. तक्ता नाही, आलेख नाही, आणि गंमत म्हणजे 'स्ट्रेस' हा शब्दही नाही. उंदरांना थंडीत ठेवा, शस्त्रक्रियेची इजा करा, अति पळवा किंवा मॉर्फिन, अ‍ॅट्रोपिनसारखी औषधं मरणार नाहीत इतकी द्या. ६ ते ४८ तासांत परिणाम सारखाच दिसतो. थायमस ग्रंथी आक्रसते, अधिवृक्क ग्रंथींतला साठा संपतो, जठरात आणि आतड्यात व्रण पडतात. सेल्ये यांचा निष्कर्ष असा की इजा कोणती याला महत्त्व नाही, शरीर 'इजा झाली' एवढ्यालाच उत्तर देतं.

निरीक्षण म्हणून हे मोठंच होतं. इजा पाठीच्या कण्याला आणि व्रण पोटात, हा संबंध इतक्या थेटपणे मांडणं सोपं नव्हतं. माझा आक्षेप निष्कर्षावर आहे. थंडी, इजा, पळवणं आणि विष या चारही प्रकारांत उंदीर घाबरलेलाही होता. मग परिणाम सारखा दिसला तो 'कोणत्याही इजेचा' की प्रत्येक वेळी सोबत आलेल्या भीतीचा?

हाच प्रश्न जॉन मेसन यांनी विचारला आणि १९७१ मध्ये सविस्तर मांडला. उपाशी ठेवलेल्या माकडांमध्ये कॉर्टिसोलच्या जातीची संप्रेरकं वाढत होती. पण शेजारच्या पिंजऱ्यातली माकडं त्यांच्या देखत खात होती! मेसन यांनी उपाशी माकडं वेगळी ठेवली आणि त्यांना फळाच्या चवीच्या, पण पोषण नसलेल्या गोळ्या दिल्या. उपास तोच, पण संप्रेरकं फारशी वाढली नाहीत. म्हणजे वाढ नुसत्या उपासाची नव्हती.

आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी प्रगती अहवालाच्या सादरीकरणाआधी तीन आठवडे हेच चाललं होतं. सकाळी इंदापूरहून बारामतीची एसटी, पोटात फक्त चहा. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, दुपारी पोट फुगलेलं. आई म्हणाली, पित्त झालंय. मैत्रिणी म्हणाल्या, टेन्शन. मीही मान डोलावली. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. लोहाच्या गोळ्यांनी दीड महिन्यात चक्कर थांबली. पोट मात्र सादरीकरण झालं त्या आठवड्यातच ठिकाणावर आलं. पण त्याच आठवड्यात मी सकाळी भाकरी खाऊन निघायला लागले होते. मग पोट कशाने सुधारलं? सांगता येत नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की असंच होतं.

याचा अर्थ मनाचा ताण खोटा, असा अजिबात नाही. घाबरल्यावर श्वास भरभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचतात आणि डोकं हलकं होतं. ताणात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, उलट मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही आणि संडासला मात्र दोनदा जावं लागतं. हे मार्ग खरे आहेत. पण चक्करेचा तो एकच मार्ग नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात मुलीच्या चक्करेला तपासणीआधीच 'टेन्शन' म्हणणं हे निदान नाही, अंदाज आहे. चक्कर वारंवार येत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर हा ब्लॉग बंद करा आणि डॉक्टरांकडे जा.

सेल्ये यांचं पत्र जरूर वाचा. वाचताना प्रत्येक इजेसमोर लिहा की तिच्यासोबत आणखी काय काय घडलं असेल. मग आपला सिनॉप्सिस काढा. त्यात 'ताण' हा शब्द असेल, तर त्याच्या आधी कोणता शब्द आहे ते बघा. नसेल, तर आधी तो शोधा. डाळिंबवाला तेवढं तरी सांगतोच.