'ॲलिस' ऐकताना : श्राव्यपुस्तक आणि संहितेचे दृश्यरूप

बालपणी वाचलेली अद्भुतकादंबरी प्रौढ वयात श्राव्यपुस्तकाच्या रूपाने पुन्हा भेटते, तेव्हा आपण तीच संहिता अनुभवतो काय? लुइस कॅरलच्या 'ॲलिस'बाबत हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो. दे. ना. टिळकांच्या 'जाईची नवलकहाणी'मुळे ही कथा मराठी बालवाचकाच्याही परिचयाची आहे. ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहारात ती प्रथम तोंडी सांगितली गेली. त्यामुळे तिचे श्रवण म्हणजे मूळ रूपाकडे परतणे, असे सहज वाटते.

हे गृहीत तपासून पाहावयास हवे. १८६५ च्या ग्रंथात जॉन टेनिएलची ४२ चित्रे आहेत आणि संहिता त्यांच्यावर विसंबून बोलते. ग्रिफन कसा असतो हे ठाऊक नसेल, तर निवेदक वाचकाला चित्र पाहण्यास सांगतो. संपूर्ण वाचनात ही सूचनाही उच्चारली जाते. श्रोत्यापुढे मात्र चित्र नसते. तिसऱ्या प्रकरणातील उंदराची कहाणी शेपटीच्या आकारात छापलेली आहे. 'शेपूट' आणि 'कहाणी' यांचे इंग्रजी शब्द समोच्चारी असल्याने श्राव्यपुस्तकात श्लेष उरतो, आकृती हरपते. मराठी मुद्रित अनुवादात नेमके उलट घडू शकते : आकृती राखता येते, श्लेष मात्र नव्याने घडवावा लागतो.

हा पेच आपल्या परंपरेला अपरिचित नाही. बारामतीत पुराणकथन करणाऱ्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) रामायणांकडे या दृष्टीने पाहता येईल. 'मंत्ररामायणा'त त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे गुंफलेली आहेत. ही गुंफण डोळ्याला शोधता येते, कानावरून मात्र ती सहज निसटते. 'निरोष्ठरामायणा'त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य असल्याने 'राम' हे नामही उच्चारता येत नाही. या बंधनाची खरी साक्ष पटते ती म्हणणाऱ्याच्या ओठांना. म्हणजे एकाच कवीची रचना कधी डोळ्यासाठी, कधी उच्चारासाठी सिद्ध होते. 'मौखिक' आणि 'लिखित' ही ढोबळ विभागणी येथे अपुरी पडते.

श्रवणाचेही प्रकार आहेत. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर येथे मुक्कामी असते, तेव्हा कीर्तनातील श्रोता धृपद उचलतो. त्याच्या प्रतिसादाने निरूपण वळण घेते. श्राव्यपुस्तकाचा श्रोता ध्वनिमुद्रण थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, पण निवेदकाला वळवू शकत नाही. बोटीतल्या मुली कॅरलला मध्येच अडवू शकत होत्या. ती मुभा येथे नाही. म्हणून श्राव्यपुस्तक हे मौखिकतेचे पुनरागमन नव्हे. मुद्रिताची स्थिरता आणि आवाजाची निकटता यांच्या संयोगातून सिद्ध झालेली ती स्वतंत्र आवृत्ती आहे.

या भेदाला केवळ तात्त्विक महत्त्व नाही. दृष्टिहीन मुलासाठी, किंवा लिपी अजून सरावाची न झालेल्या मुलासाठी, ही आवृत्ती अनेकदा एकमेव संहिता असते. तिला मूळ ग्रंथाची छाया मानून आपण त्या मुलाचे वाचन दुय्यम ठरवतो. आणि तिच्यात काहीच हरवत नाही असे म्हणून त्याच्या वाट्याला आलेली उणीव झाकतो. समीक्षेने दोन्ही टाळावे. शेपटीची आकृती लय, विराम वा क्षीण होत जाणारा स्वर यांतून कानाला कशी जाणवेल, हा प्रश्न श्राव्यरूप सिद्ध करणाऱ्याला विचारला पाहिजे. पुस्तकात चित्रे आणि संवाद नसतील तर त्याचा उपयोग काय, असा ॲलिसचा आरंभीचा प्रश्न आहे. श्राव्यपुस्तक तिला संवाद देते; चित्रांची जबाबदारी आता आवाजावर येते.