मालक बदलला, चूल तीच

आखाजी जवळ आली की आमच्या फैजपूर-सावदा भागात एक प्रश्न कानावर पडतोच: यंदा कोणाकडे? प्रश्न सालदाराला असतो. खानदेशात सालदाराचं वर्ष अक्षय तृतीयेला संपतं आणि तिथूनच नवं सुरू होतं. जुन्याच मालकाकडे राहायचं की दुसऱ्याचं साल धरायचं, हे त्या दिवसांत ठरतं. कोणाकडेच राहायचं नाही, असं म्हणण्याची सोय स्वतःची जमीन नसलेल्याला फारशी नसते. आणि अंगावर उचल असेल तर मालक बदलायचीही सोय नाही. आधी फेड, मग बोल.

बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्र’ याचा सहावा अध्याय मला कळला तो या सालदारामुळे. पौलाने हे पत्र साधारण इसवी सन ५७च्या सुमारास करिंथहून लिहिलं. रोममधल्या ज्या छोट्या मंडळ्यांना ते गेलं, त्यांत खरेखुरे गुलाम बसलेले होते. त्यांना तो सांगतो की माणूस बिनमालकाचा नसतोच. एक तर पापाचा गुलाम, नाही तर देवाचा. पुढे तो असंही म्हणतो की तुम्हाला समजावं म्हणून मी माणसांच्या व्यवहारातली भाषा वापरतोय. गुलामासमोर गुलामीची उपमा वापरताना त्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं. शेवटी तो हिशोब मांडतो: पाप वेतन देतं, देव दान देतो. वेतनासाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द सैनिकाच्या शिधा-पगाराचा आहे. म्हणजे पाप हा असा मालक, की जो पगार चुकवत नाही. फक्त तो पगार मरणाच्या रूपात हातात पडतो.

आता हे मराठीत वाचा. धक्का बसत नाही. कारण आपल्याकडे ‘दास’ हा शब्द कधीच पवित्र होऊन बसलाय. रामदास, दासोपंत, विठ्ठलाचे दास. दास म्हटलं की आपल्याला टाळ-मृदंग ऐकू येतात, पायातली बेडी दिसत नाही. रोममधल्या गुलामाला जे वाक्य बोचलं असेल, ते मराठी वाचकाला गोड लागतं. मराठी ख्रिस्ती साहित्य वाचताना ही अडचण लक्षात ठेवावी लागते. माझं म्हणणं असं की या शब्दातलं लोखंड ज्यांनी परत आणलं, त्या ना धर्मोपदेशक होत्या ना मोठ्या पंडिता. त्या लक्ष्मीबाई टिळक.

आधी बाबा पदमनजींबद्दल दोन शब्द. १८५७ सालचं ‘यमुनापर्यटन’ आजही वाचवतं ते विधवांच्या हालांमुळे. पण त्यात पाप बहुतेक वेळा बाहेर असतं: रूढीत, वपनात, सासरच्या माणसांत. यमुनेचं मन आधीच येशूकडे वळलेलं आहे. तिला दुःख आहे, पण कोणाची चाकरी करायची याची ओढाताण तिच्या आत फारशी दिसत नाही. समाजावरची टीका म्हणून पुस्तक मोठं आहे. माणूस आतून मालक कसा बदलतो, हे विचाराल तर तिथे उत्तर मिळत नाही.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, ही मोठीच गोष्ट. इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांतून मराठी मंडळी त्यामुळे सुटली. पण मला ‘अभंगांजली’ वाचताना एक शंका येत राहते. भक्तीची भाषा इतकी तयार, इतकी घोटलेली मिळाली की त्यात पाप फार लवकर विरघळतं. प्रेम आलं, पाप गेलं. सालदाराच्या भाषेत सांगायचं तर उचल फेडण्याआधीच नव्या मालकाच्या घरी पंगत बसलीय. पौलाचं घोडं इतक्या सहज गंगेत न्हात नाही. सातव्या अध्यायात तर तो कबूल करतो की जे करायचं ठरवतो ते होत नाही, आणि नको तेच हातून घडतं.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलं. तुमच्यापैकी अनेकांनी त्यातला एखादा उतारा शाळेत वाचला असेल, हसला असाल आणि पुढे गेला असाल. विनोदी पुस्तक अशी त्याची ख्याती झाली आणि त्यामुळे थोडं नुकसानही झालं. त्याच्या सुरुवातीलाच एक मालक भेटतो. त्याचं नाव सोवळं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना त्याने असं पछाडलं होतं की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मीठ धुणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. हातात काय उरलं असेल? तरीही घर राबतंय, बायकामुलं राबताहेत. पापाची चाकरी म्हणजे दारू, जुगार, बाई अशी यादी आपल्या डोक्यात असते. लक्ष्मीबाई दाखवतात की ती चाकरी देवाच्याच नावाने, ओल्या वस्त्राने, पहाटे उठूनही करता येते.

टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग त्यांच्याकडे गेल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळत. नवऱ्याचा मालक एक, बायकोचा दुसरा, घर एकच. ही पानं मराठी गद्यातली फार मोलाची पानं आहेत, कारण लेखिका कोणालाच हास्यास्पद ठरवत नाही आणि तरी सगळ्यांनाच हसते. पुढे केव्हातरी त्यांच्या मनात जातीचा विचार सुरू होतो. देवाने माणसं केली, जाती त्याने केलेल्या नाहीत, हे त्या स्वतःशी ठरवतात आणि कोणाच्याही हातचं खाऊपिऊ लागतात. बाप्तिस्मा त्याच्यानंतरचा. क्रम लक्षात घ्या. आधी पाण्याचा पेला, मग पाण्याचा विधी. मालक बदलला तो घशात. मला तरी मराठीत रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायावरचं याहून चांगलं भाष्य माहीत नाही, आणि त्यात त्या अध्यायाचं नावही घ्यावं लागलेलं नाही.

पण पुस्तक इथे थांबत नाही आणि खरा पेच इथूनच सुरू होतो. टिळक देवाची सेवा करतात म्हणजे काय करतात? हातात आलेले पैसे वाटून टाकतात. न सांगता निघून जातात. दुष्काळातल्या निराधार मुलांना घरात आणतात. प्रत्येक गोष्ट थोर आहे. प्रत्येक गोष्टीनंतर स्वयंपाकघरात डबे उघडून बघणारी बाई एकच. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. देवाच्या चाकरीला वेतन नसतं, हे पौलाचं म्हणणं त्यांनी शब्दशः अमलात आणलं. सुंदर आहे. फक्त संन्याशाच्या घरातही संध्याकाळी चूल पेटवावी लागते, आणि देवाची सेवा एकाने निवडली तर तिची किंमत दुसऱ्याने न विचारता का भरावी, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ सोडत नाही. टिळकांचा तापट स्वभावही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नाही. लक्ष्मीबाई तो लपवत नाहीत. प्रेम करतात म्हणून लपवत नाहीत, असं मला वाटतं.

काही वाचक म्हणतात की हे नवरा-बायकोचं प्रकरण आहे, यात धर्मशास्त्र शोधू नका. मला हे पटत नाही. देवाला वाहून घेतलेल्या माणसाच्या आतही जुना मालक एखाद्या खोलीत राहतोच. तो कुठे राहतो हे घरातल्या बायकोला जितकं कळतं तितकं मंडळीला कळत नाही. तीर्थयात्रेला निघालेल्या, सप्ताहाला सात दिवस बसणाऱ्या, चर्चच्या कमिटीवर असणाऱ्या कुठल्याही पुरुषाच्या घरी विचारून बघा.

आमच्या भागाशी या घराचा एक धागा जुळलेला आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे धरणगावच्या त्र्यंबक ठोमरे या पोराला ‘बालकवी’ हे नाव मिळालं. पुढे हा हळवा, अस्वस्थ मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यामुळे त्याचं पान कोणी वेगळं मांडलं नाही. जिला एके काळी परक्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या बाईच्या घरात परक्याचं मूल आपलं म्हणून वाढलं. टिळकांच्या उपदेशापेक्षा मला सेवेचा हा पुरावा भक्कम वाटतो. ५ मे १९१८ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. भुसावळहून जळगावला जाताना गाडी आजही तिथून जाते. वर्षभराने, ९ मे १९१९ला, टिळक गेले.

त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं. रचना म्हणून ते मला सलग वाचवत नाही, हेही सांगून टाकतो. ओवी पुष्कळदा पाट्या टाकल्यासारखी चालते. पण जी बाई जन्मभर दुसऱ्याच्या निवडीचा खर्च भरत आली, ती शेवटी स्वतःहून तेच काम हातात घेते, तेव्हा ती नवऱ्याची चाकरी करत होती, देवाची की स्वतःच्या लेखणीची? ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग पुरा करायच्या आत, २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या, आणि या प्रश्नाला त्यांनी कुठे उत्तर दिलेलं मला सापडलेलं नाही. तुम्ही वाचाल तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या भागात स्वयंपाकघराचे उल्लेख जिथे जिथे येतात, तिथे पेन्सिलीने खूण करत जा.